पेंग्विनला बर्फ लागतोच का?

डोंबिवलीच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी चौथीत आहे आणि शाळेने पेंग्विनचा तक्ता करून आणायला सांगितला आहे. पुस्तकात 'पेंग्विन बर्फाळ प्रदेशात राहतात' असं वाक्य आहे. पण राणीच्या बागेत गेल्यावर त्यांनी वाचलं की तिथल्या पेंग्विनांचं मूळ घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहे, आणि तो किनारा तर चक्क वाळवंटी. मग बर्फ कुठून आला? बर्फ नसेल तर त्यांना काचेआड एवढा एसी कशाला? आणि ज्या थंडीत माणूस तासभर टिकणार नाही तिथे हे पक्षी पिल्लं कशी वाढवतात?

मी पशुवैद्य आहे. गेली पंधराएक वर्षं समुद्रपक्ष्यांवर उपचार करते. त्यातली बरीचशी वर्षं दक्षिण आफ्रिकेत, केप टाउनच्या आसपास, आफ्रिकी पेंग्विनांसोबत गेली. मधली तीन वर्षं एका मत्स्यालयात किंग आणि जेंटू पेंग्विन माझ्याकडे होते. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण तुमच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर दिलं तर ते पुस्तकातल्या वाक्यासारखंच अर्धवट होईल.

तुमचा खरा प्रश्न दोन प्रश्नांची गाठ आहे. पेंग्विन थंडीत का राहतात हा एक, आणि थंडी त्यांना बाधत कशी नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर समुद्रात आहे, दुसऱ्याचं पक्ष्याच्या अंगात. आपण ही दोन्ही उत्तरं एकत्र कालवतो आणि 'पेंग्विनला थंडी आवडते' असं म्हणून मोकळे होतो.

आधी नकाशा. पेंग्विनच्या साधारण अठरा प्रजाती मानल्या जातात (एक-दोन इकडेतिकडे, वर्गीकरण करणाऱ्यांत अजून मतभेद आहेत). त्यांतल्या अंटार्क्टिका खंडाच्या कडेकडेने सगळीकडे पिल्लं वाढवणाऱ्या प्रजाती दोनच, एम्परर आणि अ‍ॅडेली. चिनस्ट्रॅप, जेंटू आणि थोडे मॅकरोनी त्या खंडाच्या उत्तरेकडे आलेल्या द्वीपकल्पावर भेटतात. बाकीच्या सगळ्यांनी आपलं घर इतरत्र केलं आहे. किंग पेंग्विन दक्षिण जॉर्जियासारख्या बेटांवर. मॅगेलॅनिक पेंग्विन अर्जेंटिनाच्या पुंता तोम्बोला, झुडपांखाली बिळं करून. न्यूझीलंडचा फिऑर्डलँड पेंग्विन तर दाट, ओल्या जंगलात झाडाच्या मुळांत घरटं करतो. ऑस्ट्रेलियाच्या फिलिप बेटावरचे छोटे, जेमतेम फूटभर उंचीचे पेंग्विन संध्याकाळी वाळूवरून चालत घरी येतात. आणि गालापागोसचा पेंग्विन विषुववृत्तावर राहतो. त्यांतले काही, इझाबेला बेटाच्या उत्तर टोकाकडचे, विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धातही जातात. उत्तर गोलार्धात आपल्या पायांनी आलेला पेंग्विन तेवढाच.

म्हणजे तक्त्यावर पांढरा रंग कमी लागेल. त्याऐवजी मुलीला जगाच्या नकाशावर समुद्राचे थंड प्रवाह निळ्या रेघांनी काढायला सांगा. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने वर चढणारा हम्बोल्ट प्रवाह, आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचा बेंग्वेला प्रवाह, अंटार्क्टिकाभोवती फिरणारा थंड पाण्याचा पट्टा. त्या रेघांच्या काठाकाठाने पेंग्विनांची चित्रं चिकटवली की प्रजाती जवळपास आपापल्या जागी बसतील. गालापागोसचाही अपवाद नाही, कारण तिथे पश्चिमेकडून येणारा खोल, थंड प्रवाह बेटांना आपटून वर येतो आणि पेंग्विन नेमके त्याच बाजूच्या इझाबेला आणि फर्नांदिना बेटांवर गर्दी करून आहेत.

आता थंड पाणीच का, ते सांगते. केपच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर येतं. बाहेर कडक ऊन आणि पाणी मात्र दहा-बारा अंश! पहिल्यांदा त्यात पाय घातला तेव्हा माझ्या घोट्यांत कळ आली होती. पण हे खालून आलेलं पाणी खताने भरलेलं असतं. समुद्रात जे काही मरतं, कुजतं, ते खाली बुडतं, आणि त्यातली नायट्रेट-फॉस्फेटं तळाशी साठून राहतात. ती उजेडात आली की सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर बारीक जीव, आणि त्यांवर सार्डिन आणि अँचोव्हीचे थवेच्या थवे. आपल्या तारली आणि मांदेलीची ही चुलत भावंडं. उष्ण प्रदेशातलं निळंशार, पारदर्शक पाणी आपल्याला सुंदर दिसतं, पण ते निवळ असतं कारण त्यात फारसं काही उगवत नाही.

पेंग्विनला हे भरलेलं ताटच लागतं, कारण तो उडत नाही. अल्बट्रॉससारखा पक्षी शेकडो किलोमीटर फिरून मासे शोधू शकतो. पिल्लं असलेला आफ्रिकी पेंग्विन घरट्यापासून साधारण वीस ते चाळीस किलोमीटरांच्या टापूतच पोहून येतो, तेवढ्यात पोट भरलं पाहिजे आणि पिल्लासाठीही आणलं पाहिजे. मासे त्या टापूबाहेर गेले तर आईबाप उपाशी आणि पिल्लूही. १९८२-८३ च्या एल निन्योत गालापागोसभोवतीचं पाणी तापलं, थंड पाणी वर येणं थांबलं आणि तिथले तीन-चतुर्थांशाहून जास्त पेंग्विन संपले. माझ्या आफ्रिकी पेंग्विनांची गतही तीच चालली आहे. सार्डिन कमी झाले आणि उरलेले सरकले, त्यात मासेमारीची स्पर्धा. आता १०,००० हून कमी जोड्या उरल्या आहेत आणि २०२४ मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला. २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवती सार्डिन-अँचोव्हीची मासेमारी बंद झाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं. पेंग्विन थंडीच्या ओढीने गेले नाहीत, अन्न जिथे होतं तिथे गेले, आणि ते अन्न थंड पाण्यात होतं.

हे फक्त माझं मत नाही, जीवाश्मही तेच सांगतात. न्यूझीलंडमध्ये सापडलेला वाइमानू हा पेंग्विनांचा पूर्वज सहा कोटी वर्षांहून जुना आहे. त्या काळी जग बरंच उबदार होतं आणि अंटार्क्टिकावर आजची हिमचादर नव्हती, ती साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी पसरायला लागली. म्हणजे पेंग्विन आधी झाले आणि बर्फ मागाहून आला. जे अंगभर साधन त्यांनी थंड पाण्यात डुबक्या मारण्यासाठी कमावलं होतं, तेच पुढे काही प्रजातींना बर्फावर कामी आलं.

हे साधन म्हणजे काय, ते मला पुस्तकापेक्षा तेलाने माखलेल्या पक्ष्यांनी जास्त शिकवलं. जहाजातून गळलेलं तेल अंगावर घेऊन आलेला पेंग्विन पाण्याबाहेर, दगडावर, कुडकुडत उभा असतो. उपाशी असूनही समुद्रात उतरत नाही. छातीवर तळहाताएवढाच काळा डाग असतो, बाकी अंग स्वच्छ. नवशिक्या स्वयंसेवकांना वाटतं, एवढ्याशा डागाने काय होतंय? पण पेंग्विनची पिसं आखूड, ताठ आणि कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. त्या कौलांखाली कितीतरी पट दाट मऊ लव असते आणि त्या लवेत हवा अडकून राहते. जमिनीवर त्याची ऊब राखण्याचं बहुतेक काम ही अडकलेली हवाच करते. एका जागी पिसं चिकटली की कौलारू छपराचं एक कौल निसटल्यासारखं होतं, तिथून थंड पाणी थेट कातडीला भिडतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं. मग तो पक्षी अंगातली चरबी जाळत राहतो आणि तीही संपली की गारठून मरतो. बारा अंशांच्या पाण्यात, बर्फाचा कण नसताना!

असा पक्षी आला की आम्ही त्याला लगेच धूत नाही. हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं. आधी ऊब, नळीने पोटात पाणी आणि क्षार, मग मासळीची पेज, शक्ती आली की एक-दोन दिवसांनी भांड्यांच्या साबणाने आंघोळ. धुण्यापेक्षा खळबळणं अवघड, कारण साबणाचा अंशही राहिला तरी पिसं पाणी पितात. त्यानंतर तो स्वतः चोचीने एकेक पीस विंचरतो, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल लावतो. तळ्यात सोडून बाहेर काढल्यावर अंगावरून पाण्याचे मणी ओघळले, कातडी कोरडी राहिली, तरच समुद्रात जायची परवानगी. २००० च्या जूनमध्ये 'ट्रेझर' नावाचं जहाज रॉबेन आणि डासेन बेटांच्या मध्ये बुडालं, तेव्हा सुमारे १९,००० माखलेले पेंग्विन या मार्गाने वाचवले गेले. आणखी जवळपास तितकेच, तेल न लागलेले, पकडून गाडीने दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत समुद्र साफ करायला वेळ मिळावा म्हणून. ते आले, आणि वेळ पुरला. मी तेव्हा शिकत होते, पण ज्यांनी ते केलं त्यांच्या हाताखाली मी पुढे काम शिकले.

पिसांखाली चरबीचा थर असतो. खोल डुबकीत पाण्याच्या दाबाने पिसांतली हवा दबते, तिथे चरबी जास्त उपयोगी पडते. उपासाच्या दिवसांत तीच शिधाही होते. आणि उपास त्यांना दरवर्षी पडतो. इतर पक्षी एक-एक करून पिसं बदलतात, पेंग्विन सगळी एकदम टाकतो. दोन-चार आठवडे तो समुद्रात जाऊ शकत नाही, फाटक्या उशीसारखा दिसतो आणि किनाऱ्यावर उभा राहून साठवलेल्या चरबीवर जगतो. त्याआधी भरपूर खाल्लं नसेल तर नवी पिसं येण्याआधीच जातो. माझ्याकडे दरवर्षी सगळ्यांत जास्त खंगलेले पक्षी याच हंगामात आले आहेत.

पायांचा प्रश्न मुलं हमखास विचारतात: बर्फावर उघड्या पायांनी उभं राहून ते गोठत कसे नाहीत? पायात जाणारी गरम रक्ताची आणि परत येणारी गार रक्ताची नळी एकमेकींना बिलगून असतात. जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्याला देऊन टाकतं. पावलाला मिळतं ते जेमतेम गोठणार नाही इतकं थंड रक्त. पाऊल थंड म्हणून बर्फाला देण्याजोगी उष्णताही थोडीच. पाय हलवणारे स्नायू वर अंगात उबेला असतात, खाली फक्त दोऱ्यांसारखे कंडरे जातात. पंखांतही अशीच व्यवस्था आहे.

आता जिथे तुमच्या पुस्तकातलं वाक्य पुरतं खरं ठरतं तो पक्षी, एम्परर. उंची जवळपास चार फूट, वजन कधीकधी चाळीस किलोंपर्यंत. एवढं मोठं, गोल अंग असण्यातच अर्धी लढाई जिंकलेली आहे. आकारमान वाढतं त्या मानाने कातडीचा पृष्ठभाग कमी वाढतो, म्हणून मोठ्या पातेल्यातला भात वाटीतल्या भातापेक्षा उशिरा निवतो. त्यात चोच आणि पंख अंगाच्या मानाने लहान. हा पक्षी अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर अंडं घालतो. घरटं नाही. मादी एकच अंडं घालून ते नराच्या पावलांवर सोपवते आणि समुद्राकडे निघून जाते. नर पोटाखालच्या कातडीच्या घडीत ते झाकून साधारण ६५ दिवस उभा राहतो. वसाहतीवर आल्यापासून मोजलं तर त्याचा उपास शंभर दिवसांच्या पुढे जातो. बाहेर उणे चाळीस, वर वारा. शेकडो नर एकमेकांना चिकटून गर्दी करतात. त्या गर्दीच्या पोटात ३७ अंशांपर्यंत तापमान चढतं, आणि सगळे मिळून दर अर्ध्या-एक मिनिटाला काही सेंटिमीटर सरकतात, त्यामुळे कडेचे आत येत राहतात. मादी यायच्या आधी पिल्लू फुटलंच तर हा उपाशी बाप अन्ननलिकेतून दुधासारखा स्राव काढून त्याला भरवतो. औष्णिक कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा या पक्ष्यांच्या पिसांचा बाहेरचा थर भोवतालच्या हवेपेक्षाही थंड निघाला. आतली ऊब बाहेर पोचतच नव्हती.

एवढा खटाटोप हिवाळ्यातच का? पिल्लाला मोठं व्हायला महिने लागतात. हिवाळ्यात सुरुवात केली तरच ते उन्हाळ्यात, खाणं मुबलक असताना समुद्रात उतरतं. शिवाय अंटार्क्टिकाच्या जमिनीवर शिकार करणारं कोल्ह्या-अस्वलासारखं जनावर नाही. वरून स्कुआ पक्षी आणि पाण्यात बिबट्या सील असतात, पण मागून दबा धरून येणारं कोणी नाही. उडता न येणाऱ्या पक्ष्याला ही फार मोठी मोकळीक आहे.

अस्वलावरून आठवलं. मुलीच्या तक्त्यावर ध्रुवीय अस्वल काढू नका. ते उत्तर ध्रुवाकडचं, आणि तिथे पेंग्विन नाहीत. थंडी तिथेही आहे, मासेही आहेत, पण मध्ये उष्ण कटिबंधाचं कोमट पाणी पसरलेलं आहे, ते पोहून पार करणं यांना जमलेलं नाही. १९३६ मध्ये नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर किंग पेंग्विन नेऊन सोडले होते, ते टिकले नाहीत. गंमत अशी की 'पेंग्विन' हे नाव मूळचं उत्तरेकडच्याच एका न उडणाऱ्या पक्ष्याचं, ग्रेट ऑकचं. खलाशांनी दक्षिणेत तसाच दिसणारा पक्षी पाहिला आणि तेच नाव दिलं. ग्रेट ऑकची शेवटची जोडी १८४४ मध्ये आइसलँडजवळ मारली गेली.

आता तुमचा एसी. इथे उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' असं आहे. एम्परर किंवा किंगला लागणारी थंडी हम्बोल्टला, म्हणजे पेरू-चिलीच्या पेंग्विनला, लागत नाही. २०१६ मध्ये सेऊलहून मुंबईत आणलेले आठही पेंग्विन हम्बोल्ट होते, आणि त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या थंडीसारखी. पेरूच्या किनाऱ्यावर ऊन असतं, पण समुद्र थंड असतो आणि पक्षी दुपारी बिळात शिरतो. जुन्या काळी विष्ठेच्या, म्हणजे ग्वानोच्या, जाड थरात ते बिळं खणत. एकोणिसाव्या शतकात खतासाठी तो थर खरवडून नेला आणि पक्षी उघड्यावर आले. आफ्रिकेतही तेच झालं. उघड्या घरट्यांत उष्णतेची लाट आली की आईबाप अंडी सोडून पाण्याकडे धावतात आणि पिल्लं उन्हाने मरतात. म्हणून आम्ही कृत्रिम बिळं ठेवतो. ऊब अडवायला घडवलेल्या अंगाला ऊब बाहेर टाकणं फार जड जातं.

मुंबईत तर सावलीतही आर्द्रता असते. धापा टाकून अंग निववायचं तर तोंडातलं पाणी वाफ होऊन उडायला हवं, दमट हवेत ते उडत नाही. पण मला विचाराल तर डॉक्टर म्हणून मी तापमानाआधी दोन गोष्टींना घाबरते. एक, हवेतली बुरशी. अ‍ॅस्परजिलस आपण रोज श्वासातून घेतो आणि आपल्याला काही होत नाही, पेंग्विनच्या फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत ती घर करते, आणि लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दुसरे डास. पक्ष्यांचा मलेरिया डासांतून पसरतो आणि पेंग्विनला तो झटपट मारतो, कारण त्यांच्या पूर्वजांच्या गार, वाऱ्याच्या किनाऱ्यांवर या रोगाशी फारशी गाठच पडली नाही. केपमध्ये उन्हाळ्यात आम्ही पक्ष्यांचे कक्ष जाळ्यांनी बंद करतो. म्हणजे काचेआडची ती बंद खोली थंडीइतकीच गाळलेल्या हवेसाठीही आहे. काच काढून नुसता बर्फ ओतला तर पक्षी जगणार नाहीत.

बर्फावर खरोखर विसंबलेल्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण मुलगी विचारेल. एम्पररला पिल्लांची पिसं पाणरोधक होईपर्यंत टिकणारा समुद्रबर्फ लागतो. २०२२ मध्ये बेलिंगशाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ लवकर फुटला आणि तिथली पिल्लं गेली. अ‍ॅडेलीचं वेगळं आहे, त्याला खाणं बर्फाजवळ हवं पण घरट्याला उघडा खडक, तिथे तो खड्यांची रास रचतो, शेजाऱ्याचे खडे पळवूनसुद्धा. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर काही ठिकाणी अ‍ॅडेली घटत आहेत आणि कमी बर्फात जमवून घेणारे जेंटू दक्षिणेकडे सरकत आहेत. तेव्हा 'तापमानवाढीने पेंग्विन संपतील' हे वाक्यही तक्त्यावर सरसकट लिहू नका. कोणता पेंग्विन, हे आधी लिहा.

पुन्हा राणीच्या बागेत गेलात तर काचेला नाक लावून चोचीच्या मुळाशी पाहायला सांगा. तिथे गुलाबी, बिनपिसाची कातडी दिसेल. अंग तापलं की पक्षी तिथे जास्त रक्त सोडतो आणि ती ऊब बाहेर टाकतो, तेव्हा गुलाबी रंग गडद होतो. एम्पररच्या तोंडावर अशी उघडी जागा नसते. दोघांची चित्रं शेजारी शेजारी काढली तर कोण बर्फावरचा आणि कोण वाळवंटी किनाऱ्यावरचा, हे चौथीतल्या वर्गालाही ओळखता येईल.